प्लगइन-विकासातील क्लासपाथ-दोष : स्वरूप, वर्गीकरण आणि निदान

एक्लिप्स या प्रोग्रामिंग-पर्यावरणासाठी प्लगइन लिहिताना ‘क्लास सापडला नाही’ या रूपाने जे दोष प्रकट होतात, त्यांचे स्वरूप निश्चित करणे, त्यांचे प्रकार पाडणे आणि निदानाचा क्रम ठरवणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. प्लगइन कसे लिहावे, हा विषय येथे नाही. वाचकाला जावा भाषेचा परिचय आहे आणि निदान एक प्लगइन त्याने स्वतः चालवून पाहिले आहे, असे गृहीत धरले आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हा विषय का उपस्थित होतो, हे आधी सांगणे आवश्यक आहे. बजाज ऑटोचा चाकण कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे चाकण कारखाने २००९ मध्ये उभे राहिले. पुढील दशकात वाहनातील सॉफ्टवेअरचे प्रमाण वाढत गेले. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस अनिवार्य झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची उत्सर्जन-मानके लागू झाली. या दोन्ही नियमांची पूर्तता ईसीयू, म्हणजे वाहनातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-एकक, यातील सॉफ्टवेअरवाचून होत नाही. त्या सॉफ्टवेअरच्या रचनेचे प्रमाणीकरण करणारी ऑटोसार ही भागीदारी २००३ मध्ये स्थापन झाली. तिच्या मानकानुसार ईसीयूचे वर्णन एआरएक्सएमएल या स्वरूपाच्या फाइलींत केले जाते, आणि त्या फाइली हाताळणारी अनेक साधने एक्लिप्सवर उभारलेली आहेत : आर्टॉप, ईबी ट्रेसॉस स्टुडिओ, ईटासचे आयसोलार. मायक्रोकंट्रोलर-निर्मात्यांची साधनेही, उदाहरणार्थ एनएक्सपीचा एस३२ डिझाइन स्टुडिओ किंवा इन्फिनिऑनचा ऑरिक्स डेव्हलपमेंट स्टुडिओ, त्याच पायावर आहेत. परिणामी हिंजवडी, तळवडे, आकुर्डी येथील ज्या अभियंत्याचे मुख्य काम सी भाषेत चालते, त्याच्याकडे केव्हातरी एक छोटे जावा प्लगइन लिहिण्याचे काम येते. सिग्नलची यादी एक्सेलमधून वाचून एआरएक्सएमएल तयार करणे, हे त्याचे नमुनेदार उदाहरण होय.

सी भाषेची सवय येथे आड येते, आणि ही बाब आनुषंगिक नाही. सीमध्ये लिंकर सर्व संदर्भांची पूर्तता एकदाच करतो. संदर्भ अपूर्ण राहिला तर हेक्स फाइल तयारच होत नाही. ती तयार झाली म्हणजे प्रत्येक फंक्शन कोठेतरी आहे, याची हमी मिळते. जावामध्ये लिंकिंग प्रोग्राम चालू असताना, आणि तेही गरज पडेल तेव्हा होते. कंपायलरची संमती ही कंपायलरला दाखवलेल्या फाइलींपुरती असते. चालत्या प्रोग्रामला कोणत्या फाइली दिसतील, याविषयी ती काहीही सांगत नाही. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

संज्ञा

(१) क्लास. चालत्या प्रोग्रामच्या दृष्टीने क्लासची ओळख दोन घटकांनी पूर्ण होते : पॅकेजसह त्याचे पूर्ण नाव, आणि त्याची व्याख्या करणारा क्लासलोडर. नाव एकच पण लोडर भिन्न असेल, तर क्लास भिन्न ठरतो. चाकणच्या असेंब्ली लाइनवर पार्ट नंबर एकच असला तरी व्हेंडर कोड वेगळा असेल, तर स्टोअरच्या नोंदीत ते दोन स्वतंत्र माल असतात. क्लासचेही तसेच आहे.

(२) क्लासलोडर. नाव दिले असता त्या नावाच्या क्लासची बाइट-संहिता शोधून आणणारा घटक. साध्या जावा प्रोग्राममध्ये लेखकाचा सगळा कोड सामान्यतः एकाच क्लासलोडरच्या कक्षेत असतो. एक्लिप्समध्ये प्रत्येक प्लगइनला स्वतःचा क्लासलोडर असतो.

(३) क्लासपाथ. क्लासलोडर ज्या स्थानांत आणि ज्या क्रमाने शोध घेतो, त्या स्थानांची क्रमबद्ध यादी.

(४) बंडल. जून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.० आवृत्तीत एक्लिप्सने ओएसजीआय हे मानक स्वीकारले. त्याची एक्लिप्समधील अंमलबजावणी म्हणजे इक्विनॉक्स. तेव्हापासून प्रत्येक प्लगइन हे ओएसजीआय-बंडल असते. आपण काय घेतो आणि काय देतो, हे बंडल आपल्या मॅनिफेस्ट फाइलीत घोषित करते. ‘रिक्वायर-बंडल’ने दुसरे अख्खे बंडल मागितले जाते, ‘इम्पोर्ट-पॅकेज’ने एखादे पॅकेज मागितले जाते, ‘एक्स्पोर्ट-पॅकेज’ने स्वतःचे पॅकेज इतरांना खुले केले जाते, आणि ‘बंडल-क्लासपाथ’ने बंडलच्या पोटातील स्थाने सांगितली जातात.

(५) वायर. मागणी आणि पुरवठा यांची इक्विनॉक्सने घातलेली जोड. बंडलच्या सर्व अनिवार्य मागण्या पुरवठादारांशी जोडल्या गेल्या की ते ‘रिझॉल्व्ह्ड’ अवस्थेत जाते. एकही राहिली तर ‘इन्स्टॉल्ड’ अवस्थेत थांबते. इन्स्टॉल्ड या शब्दाचा व्यवहारातील अर्थ येथे लागू नाही. ते बंडल नोंदलेले असते, वापरण्यास योग्य नसते.

चार याद्या

‘क्लासपाथ’ हा शब्द एकवचनी वापरला जातो, त्यामुळे यादी एकच आहे असा समज होतो. प्लगइन-प्रकल्पात वस्तुतः चार याद्या असतात.

पहिली, संकलन-यादी : प्रकल्पाच्या ‘जावा बिल्ड पाथ’मध्ये असलेली, कंपायलर पाहतो ती. दुसरी, घोषणा-यादी : मॅनिफेस्टमधील, इक्विनॉक्स पाहतो ती. तिसरी, बांधणी-यादी : ‘बिल्ड डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलीतील ‘बिन डॉट इन्क्लूड्स’ ही नोंद, प्लगइन निर्यात करताना कोणत्या फाइली जारमध्ये भरायच्या, हे ती ठरवते. चौथी, उपस्थिती-यादी : प्लगइन ज्या स्थापनेत चालणार, तेथे प्रत्यक्षात असलेली बंडले आणि त्यांच्या आवृत्त्या.

या चार याद्या वेगवेगळ्या फाइलींत असतात आणि वेगवेगळ्या वेळी वाचल्या जातात. प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन असे की, क्लासपाथ-दोष म्हणजे बहुतांशी यांपैकी दोन याद्यांमधील विसंगती. जार फाइल ‘नाही’ असे क्वचितच घडते. बहुधा ती एका यादीत असते आणि दुसरीत नसते. म्हणून निदानाचा प्रश्न ‘कोणती जार टाकू?’ हा नसून ‘कोणत्या दोन याद्या जुळत नाहीत?’ हा आहे.

निदर्शनासाठी वर उल्लेखिलेले प्लगइन घेऊ. ते अपाचे पीओआय या संग्रहाच्या साहाय्याने सिग्नलचे एक्सेल वाचते. उदाहरण रचलेले आहे, परंतु त्यातील प्रत्येक पायरी सामान्य अनुभवातील आहे.

पहिली आणि दुसरी यादी यांतील विसंगती सर्वाधिक आढळते. अभियंता ‘ॲड एक्स्टर्नल जार्स’ हा पर्याय निवडून पीओआयची जार बिल्ड पाथमध्ये घालतो. लाल खुणा नाहीशा होतात आणि प्रकल्प संकलित होतो. प्लगइन चालवताच क्लास सापडत नाही. कारण स्पष्ट आहे : इक्विनॉक्स बिल्ड पाथ वाचतच नाही. ‘प्लग-इन डिपेन्डन्सीज’ नावाचे जे पात्र बिल्ड पाथमध्ये आपोआप दिसते, ते मॅनिफेस्टवरून तयार होते. प्रवाह मॅनिफेस्टकडून बिल्ड पाथकडे आहे, उलट दिशेने नाही. प्लगइन-प्रकल्पात बिल्ड पाथला हाताने स्पर्श करण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. तसा स्पर्श झालेला आढळल्यास तेथूनच तपास सुरू करावा.

दुसरी आणि तिसरी यादी यांतील विसंगती अधिक फसवी आहे, कारण ती लेखकाच्या यंत्रावर दिसतच नाही. आता अभियंत्याने जार प्रकल्पातील ‘लिब’ फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि ‘बंडल-क्लासपाथ’मध्ये तिची नोंद केली आहे. चाचणीसाठी उघडलेल्या दुसऱ्या एक्लिप्समध्ये सर्व काही चालते. ही चाचणी-स्थापना प्लगइनची जार वाचत नाही, ती थेट प्रकल्पाचे फोल्डर वाचते. लिब फोल्डर तेथे आहे, म्हणून क्लास सापडतो. निर्यात करताना मात्र ‘बिन डॉट इन्क्लूड्स’मध्ये लिबचे नाव नसेल, तर ते जारमध्ये जात नाही. सहकाऱ्याच्या यंत्रावर प्लगइन कोसळते, आणि ‘माझ्याकडे चालते’ हे लेखकाचे विधान पूर्णपणे सत्य असते. याच जातीचा एक सूक्ष्म दोष पुढीलप्रमाणे : ‘बंडल-क्लासपाथ’ न लिहिल्यास त्याचे मूल्य बिंदू, म्हणजे बंडलचे स्वतःचे मूळ, असे मानले जाते. अभियंता जेव्हा तेथे केवळ बाहेरून आणलेल्या जारचे नाव लिहितो, तेव्हा तो बिंदू वगळला जातो. मग परकी जार सापडते, पण प्लगइनचे स्वतःचे क्लास सापडत नाहीत. स्वतः लिहिलेला क्लासच सापडत नसेल, तर प्रथम हा बिंदू पाहावा.

दुसरी आणि चौथी यादी यांतील विसंगतीत बंडल रिझॉल्व्ह होत नाही. मॅनिफेस्टने जे मागितले ते त्या स्थापनेत नाही, किंवा मागितलेल्या आवृत्ति-मर्यादेत नाही. याचे मूळ बहुधा टार्गेट प्लॅटफॉर्ममध्ये, म्हणजे प्लगइन ज्या बंडलांच्या आधारे संकलित होते त्या संचात, असते. तो वेगळा न ठरवल्यास, अभियंता ज्या एक्लिप्समध्ये बसून लिहितो तीच स्थापना टार्गेट मानली जाते. ती अलीकडची असते. ग्राहकाचे साधन एखाद्या जुन्या एक्लिप्सवर बांधलेले असते. या प्रकारात त्रुटिसंदेश पुष्कळदा येतच नाही. विस्तारांची नोंदवही रिझॉल्व्ह झालेल्या बंडलांचेच योगदान स्वीकारते, म्हणून मेनूतील अपेक्षित ओळ केवळ दिसत नाही. दिसत नसलेली मेनू-ओळ हेही क्लासपाथ-दोषाचे लक्षण आहे, आणि ते ओळखले न गेल्याने पुष्कळ वेळ ‘प्लगइन डॉट एक्सएमएल’ तपासण्यात खर्च होतो.

पहिली आणि चौथी यादी यांतील विसंगतीत क्लास दोन्हीकडे असतो, पण आवृत्ती निराळी असते. तिचा विचार त्रुटिसंदेशांच्या संदर्भात होईल.

शोधाचा क्रम

बंडलच्या क्लासलोडरकडे नाव आले की शोध ठरलेल्या क्रमाने होतो. ‘जावा डॉट’ने आरंभ होणाऱ्या पॅकेजांची मागणी थेट मूळ लोडरकडे जाते, स्थापनेच्या मांडणीत मूळ लोडरकडे सोपवलेली अन्य पॅकेजे असतील, तर तीही. त्यानंतर इम्पोर्ट केलेली पॅकेजे, मग रिक्वायर केलेली बंडले, मग बंडलचा स्वतःचा क्लासपाथ, मग त्याला जोडलेली फ्रॅगमेंट-बंडले, आणि मर्यादित परिस्थितीत शेवटी गतिमान इम्पोर्ट.

या क्रमातील एक नियम विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅकेज इम्पोर्ट केलेले असेल, तर शोध त्या पुरवठादाराकडेच संपतो. त्याच्याकडे क्लास नसला, तरी लोडर पुढच्या पायरीवर जात नाही. रिक्वायर केलेल्या बंडलाच्या बाबतीत मात्र तो पुढे जातो. म्हणून एखादे पॅकेज इम्पोर्टही केले आणि त्याच नावाच्या पॅकेजची जार बंडलच्या पोटातही ठेवली, तर पोटातील प्रत आच्छादली जाते. जार डोळ्यांसमोर असूनही क्लास सापडत नाही. एका पॅकेजचे क्लास दोन जारींत विभागलेले असताना हा प्रकार हटकून घडतो, आणि अशा वेळी आणखी एक प्रत टाकण्याने काहीही बदलत नाही.

त्रुटिसंदेशांचे वर्गीकरण

त्रुटिसंदेश एकमेकांसारखे वाचले जातात. त्यांचे अर्थ मात्र भिन्न आहेत.

‘क्लास-नॉट-फाउंड-एक्सेप्शन’ म्हणजे नाव देऊन केलेली मागणी अपयशी ठरली. प्लगइन डॉट एक्सएमएलमध्ये लिहिलेला क्लास एक्लिप्स याच मार्गाने मागते, म्हणून नावातील चूक, वगळलेला बिंदू किंवा बांधणी-यादीतील उणीव यांकडे हा संदेश निर्देश करतो. परंतु त्यासोबत ‘बंडल आपोआप कार्यान्वित करताना त्रुटी आली’ अशा अर्थाची ओळ असेल, तर क्लास सापडलेला आहे. प्लगइनचा ॲक्टिव्हेटर सुरू होताना कोसळला, आणि म्हणून क्लास देता आला नाही. येथे मॅनिफेस्टमध्ये शोधून उपयोग नाही. खाली दिलेले मूळ कारण वाचावे.

‘नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर’ म्हणजे संकलनाच्या वेळी असलेला क्लास चालवताना मिळाला नाही. यात नाव बिंदूंऐवजी तिरप्या रेघांनी लिहिलेले दिसते. लिंकिंगच्या वेळी उद्भवलेल्या दोषाची ती खूण आहे. आपल्या उदाहरणात तो कसा येतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पीओआयमध्ये जुने एक्सएलएस स्वरूप वाचणारा भाग मूळ जारमध्ये आहे. नवे एक्सएलएसएक्स स्वरूप वाचणारा भाग वेगळ्या जारमध्ये असून त्याला एक्सएमएलबीन्स हा संग्रह लागतो. अभियंत्याने सगळ्या जारी घेतल्या, पण एक्सएमएलबीन्सची घेतली नाही. प्रोग्राम संकलित होतो, सुरू होतो, जुन्या स्वरूपातील सिग्नल-यादी बिनचूक वाचतो. पुरवठादाराने नव्या स्वरूपातील फाइल पाठवली की त्या क्षणी एक्सएमएलबीन्सचा क्लास प्रथमच लागतो आणि त्रुटी येते. लिंकिंग गरजेनुसार होते, याचा हा प्रत्यक्ष परिणाम आहे. त्यात भर अशी की, ही त्रुटी ‘एरर’ या कुळातील असल्याने ‘कॅच एक्सेप्शन’ असा लिहिलेला रक्षक-खंड तिला पकडत नाही. लेखकाने ठेवलेला सूचना-संवाद उघडत नाही; बटण दाबले आणि काही झाले नाही, एवढेच वापरणाऱ्याला दिसते.

याच संदेशाचा दुसरा प्रकार ‘क्लासचे आरंभण करता आले नाही’ अशा शब्दांनी ओळखला जातो. येथे क्लास उपस्थित आहे. त्याचा स्टॅटिक खंड पूर्वी एकदा चालताना अपयशी ठरला होता. पहिल्या वेळी ‘एक्सेप्शन-इन-इनिशियलायझर-एरर’ नोंदवला गेला, त्यानंतरच्या प्रत्येक वेळी हा दुय्यम संदेश येतो. म्हणून लॉग-फाइलीतील शेवटची नोंद न वाचता पहिली वाचावी. हा नियम या सर्व प्रकारांत सर्वांत कमी पाळला जातो आणि सर्वाधिक उपयोगी पडतो.

‘नो-सच-मेथड-एरर’ हा पहिल्या आणि चौथ्या यादीतील विसंगतीचा निदर्शक आहे. क्लास मिळाला, पण तो दुसऱ्या आवृत्तीचा. जार नाहीशी झालेली नसून एक जार जास्त आहे, असा याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो.

‘क्लास-कास्ट-एक्सेप्शन’मध्ये एखादा क्लास त्याच नावाच्या क्लासमध्ये रूपांतरित होऊ शकत नाही, असे विसंगत भासणारे विधान आढळले, तर क्लासच्या व्याख्येकडे परतावे. तेथे दोन लोडर आहेत. एकच जार दोन प्लगइनांच्या पोटात ठेवली आणि त्या जारमधील वस्तू एका प्लगइनने दुसऱ्याला दिली, की हा दोष निर्माण होतो. ‘लोडर कन्स्ट्रेंट व्हायोलेशन’ असे शब्द असलेला ‘लिंकेज-एरर’ याच कारणाचे दुसरे रूप आहे.

‘अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन-एरर’ हा सर्वांत प्रामाणिक संदेश म्हणता येईल. तो आकडे देतो. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११, ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१.

निदान

निदानाचा क्रम याद्यांच्या क्रमाच्या उलट असावा, म्हणजे चौथ्या यादीपासून पहिलीकडे. कारण चालत्या स्थापनेत जे घडले तेच निश्चित ज्ञात असते. उरलेल्या तीन याद्या हे केवळ हेतू आहेत.

प्रथम वर्कस्पेसमधील ‘डॉट मेटाडेटा’ फोल्डरातील ‘डॉट लॉग’ ही फाइल उघडावी आणि सत्राच्या आरंभापासून वाचावी. नंतर बंडलची अवस्था पाहावी. एक्लिप्स ‘कन्सोल’ आणि ‘कन्सोल-लॉग’ या पर्यायांसह सुरू केल्यास इक्विनॉक्सचा कन्सोल मिळतो. नव्या आवृत्त्यांत त्यासाठी गोगो शेलची बंडले उपस्थित असावी लागतात. तेथे ‘एसएस’ ही आज्ञा सर्व बंडलांच्या अवस्था दाखवते, ‘डायग’ ही आज्ञा रिझॉल्व्ह न झालेल्या बंडलाची कोणती मागणी अपूर्ण आहे ते सांगते, आणि ‘पॅकेजेस’ ही आज्ञा एखादे पॅकेज कोण देतो व कोण घेतो ते सांगते. एसएसच्या उत्तरात आपले बंडल मुळीच नसेल, तर प्रश्न स्थापनेचा आहे. ते इन्स्टॉल्ड असेल, तर प्रश्न घोषणा आणि उपस्थिती यांतील आहे. ते रिझॉल्व्ह्ड किंवा ॲक्टिव्ह, म्हणजे कार्यान्वित, असूनही क्लास सापडत नसेल, तर प्रश्न घोषणा, बांधणी किंवा शोधाचा क्रम यांतील आहे. या एका निरीक्षणाने क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

तिसऱ्या पायरीवर निर्यात केलेली जार उघडून पाहावी. जार ही झिप फाइल असते; ती कोणत्याही साधनाने उघडते. आत क्लास आहे का, लिब आहे का, मॅनिफेस्ट अपेक्षित तेच आहे का, हे पाहण्यास एक मिनिट पुरते, तरी ही पायरी वगळली जाते. चौथ्या पायरीवर, क्लास सापडतो पण चुकीचा सापडतो असा संशय असल्यास, ‘फ्रेमवर्क-युटिल’मधील ‘गेट-बंडल’ या मेथडला तो क्लास देऊन तो कोणत्या बंडलाचा आहे, हे छापून घ्यावे. जावा ९ पासून ‘एक्स-लॉग’ हा पर्याय ‘क्लास-लोड’ या विषयासह दिल्यास प्रत्येक क्लास कोठून आला, याची यादी मिळते. चाचणी-स्थापना सुरू करण्यापूर्वी रन कॉन्फिगरेशनमधील ‘व्हॅलिडेट प्लग-इन्स’ हे बटण दाबल्यास दुसरी आणि चौथी यादी यांतील पुष्कळ विसंगती आधीच दिसतात.

‘क्लीन’ या पर्यायाविषयी स्पष्ट मत देणे आवश्यक आहे. इक्विनॉक्स रिझॉल्व्ह केलेल्या वायरिंगची साठवण करते. क्लीन ती पुसून नव्याने करवते. त्याने दोष गेला, तर साठवण शिळी होती एवढे सिद्ध होते. ती शिळी का राहिली, हा प्रश्न उरतो. त्याचे नेहमीचे उत्तर असे की, प्लगइनचा आशय बदलला पण आवृत्ति-क्रमांक बदलला नाही. स्थापना करणारी पी२ ही व्यवस्था नाव आणि आवृत्ती एकच दिसल्यास नवी जार घेत नाही, जुनीच पुरेशी मानते. आवृत्तीच्या अखेरीस ‘क्वालिफायर’ हा शब्द लिहिल्यास बांधणीच्या वेळी तेथे कालदर्शक अंक येतात आणि हा दोष उद्भवत नाही. क्लीन ही चाचणी आहे; तिला उपचार मानून शॉर्टकटमध्ये कायम लिहून ठेवणे अयोग्य.

विशेष विवेचनाची गरज असलेले दोन प्रकार

पहिला प्रकार संदर्भ-लोडरचा. काही संग्रह क्लास आपल्या लोडरकडून न मागता, चालू थ्रेडला जोडलेल्या संदर्भ-लोडरकडून मागतात. सर्व्हिस-लोडर ही जावाचीच यंत्रणा सामान्य वापरात तसे करते. एका क्लासपाथच्या जगात ही पद्धत निर्दोष आहे. प्रत्येक बंडलाला वेगळा लोडर असलेल्या जगात संदर्भ-लोडरला आपल्या बंडलाचे पोट दिसेलच, याची हमी नाही. याचे लक्षण असे : चारही याद्या जुळतात, बंडल ॲक्टिव्ह आहे, जारमध्ये क्लास आहे, तरीही परक्या संग्रहाच्या आतून क्लास न सापडल्याचा संदेश येतो. उपाय असा की, त्या संग्रहाला हाक मारण्यापूर्वी थ्रेडचा संदर्भ-लोडर आपल्या बंडलाचा करावा आणि ‘फायनली’ खंडात पूर्ववत करावा. पूर्ववत करणे ऐच्छिक नाही, कारण एक्लिप्समध्ये थ्रेड सामायिक असतात आणि राहिलेला बदल दुसऱ्याच प्लगइनमध्ये दोष उत्पन्न करतो. इक्विनॉक्समध्ये ‘बडी-पॉलिसी’ नावाची दुसरी सोय आहे. ती इक्विनॉक्सपुरतीच असल्याने शक्यतो टाळावी.

दुसरा प्रकार जावाच्या आवृत्तीचा, आणि या पट्ट्यात तो सर्वांत दीर्घकाळ चालणारा आहे. एआरएक्सएमएल हे एक्सएमएल असल्यामुळे ते वाचण्यासाठी अनेक छोट्या प्लगइनांनी जेएएक्सबी ही यंत्रणा वापरली. जावा ८ मध्ये ती मूळ वितरणाचाच भाग होती. मॅनिफेस्टमध्ये वेगळी जार द्यावी लागत नसे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ती काढण्यात आली. त्यामुळे एक अक्षरही न बदलता तेच प्लगइन नव्या जावावर रिझॉल्व्ह होईनासे झाले. पुढे या यंत्रणेच्या ३.० आवृत्तीत पॅकेजचे नावच ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागले, म्हणून नवी जार आणून ठेवल्यानेही जुनी मागणी पूर्ण होत नाही. दुसरीकडे एक्लिप्सची स्वतःची अट वाढत गेली : २०२०-०९ या आवृत्तीपासून चालण्यास जावा ११ लागतो, २०२२-०९ पासून जावा १७, आणि २०२४-०९ पासून जावा २१. येथे अभियंत्याने दोन निराळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक्लिप्स कोणत्या जावावर चालते, ही एक गोष्ट. प्लगइन कोणत्या जावासाठी संकलित केले जाते, ही दुसरी. दुसरी गोष्ट मॅनिफेस्टमधील एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट ठरवते, आणि ती ग्राहकाच्या साधनाशी जुळवायची असते, स्वतःच्या यंत्राशी नाही.

उपाय

निदान योग्य असेल तर उपाय अल्प असतो. बिल्ड पाथमध्ये हाताने घातलेल्या जारी काढून टाकाव्यात. परका संग्रह एकाच प्लगइनला हवा असल्यास तो पोटात ठेवून बंडल-क्लासपाथ आणि बांधणी-यादी या दोन्हींत नोंदवावा; एकाहून अधिक प्लगइनांना हवा असल्यास त्याचे स्वतंत्र बंडल करून त्याची पॅकेजे एक्स्पोर्ट करावीत, म्हणजे दोन लोडरांचा दोष मुळातच उद्भवत नाही. मागणी करताना आवृत्तीची खालची आणि वरची मर्यादा लिहावी. बांधणी हाताने निर्यात करून न करता मेव्हनवरील टायको या साधनाने करावी. टायको संकलनासाठीही मॅनिफेस्ट आणि टार्गेट यांचाच आधार घेते, त्यामुळे पहिली यादी स्वतंत्रपणे भरकटू शकत नाही.

त्याज्य उपायही सांगणे आवश्यक आहे. जार ‘प्लगइन्स’ किंवा ‘ड्रॉपिन्स’ फोल्डरमध्ये नुसती टाकणे, मॅनिफेस्टमध्ये सर्व मागण्या ‘ऑप्शनल’ करणे, आणि गतिमान इम्पोर्टमध्ये तारांकन लिहून सर्व पॅकेजे मागणे, हे तीनही प्रकार दोष दूर करत नाहीत. तो रिझॉल्व्ह होण्याच्या क्षणापासून चालण्याच्या क्षणाकडे ढकलतात. ईसीयूच्या कॉन्फिगरेशनमध्ये ही दिरंगाई गंभीर आहे. ऑप्शनल मागणी अपूर्ण राहिलेल्या प्लगइनने अर्धवट एआरएक्सएमएल लिहिले, तर तो दोष कंपायलरपर्यंत, आणि काही वेळा बेंचवरील चाचणीपर्यंत पोहोचतो.

वाहनाचे मॉडेल रस्त्यावर आल्यानंतर अनेक वर्षे त्याच्या ईसीयू-सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त्या होत राहतात, आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी तेच साधन, तेच प्लगइन, त्याच आवृत्तीत पुन्हा उभे करावे लागते. ज्या संघांकडे असे प्लगइन आहे, त्यांनी टार्गेट प्लॅटफॉर्मची व्याख्या-फाइल, त्यात उल्लेखिलेल्या पी२ भांडारांची स्थानिक प्रत आणि वापरलेला जेडीके या तीन गोष्टी ईसीयूच्या स्रोत-संहितेच्या बेसलाइनबरोबरच जतन कराव्यात. बाहेरचे भांडार हलवले किंवा बंद केले गेले, तर चौथी यादी पुन्हा मिळवण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.